पाण्यावर दगड उभा राहत नाही

मुलांनो, गावाच्या वेशीवर, जुन्या देवळाच्या आवारात नाहीतर शेताच्या बांधावर उभे केलेले कोरीव दगड तुम्ही पाहिले असतील. कोणी त्यांना शेंदूर लावतं, कोणी नारळ फोडतं, तर कोणी त्यांच्यावर बसून शेळ्या राखतं. त्या दगडाला म्हणतात वीरगळ. आमच्या दुधनीच्या मुलांना हा शब्द फोड करून सांगावा लागत नाही. अक्कलकोट तालुक्याचं हे गाव कर्नाटकच्या सीमेला खेटून आहे. कितीतरी मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ!

वीरगळ वाचायचा असतो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढत असलेला दिसतो. कधी गावची गुरं चोरून नेणाऱ्यांशी, कधी शत्रूच्या सैन्याशी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात. वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. आणि अगदी वर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आकाशात आहेत तोवर याची आठवण राहील, असं गावानं दिलेलं वचन.

हे सगळं मी एकदा चौथीच्या वर्गात शिकवत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, जो समुद्रात लढताना मेला, त्याचा दगड कुठं लावायचा?”

दुधनीच्या मुलाला हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटलं. आमच्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेनं पाचशे किलोमीटरांहून लांब. मोठं पाणी म्हणजे आमच्या मुलांना उजनीचं धरण. पण प्रश्न अगदी बरोबर होता. जमिनीवर माणूस पडला तर ती जागा दाखवता येते. पाण्यात पडला तर लाट येते, जाते, आणि पाणी पुन्हा होतं तसंच. खूण करायची कुठं?

याचं एक फार जुनं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईत बोरिवलीला एकसर नावाचं जुनं गाव आहे. आता तिथं चहूबाजूंनी इमारती आहेत. पण त्या इमारतींच्या गर्दीत काही उंचच उंच वीरगळ आहेत आणि त्यांच्या चौकटींत कोरलेली आहेत चक्क जहाजं! ओळीनं वल्ही मारत एकमेकांवर चालून जाणारी लढाऊ जहाजं. समुद्रावरची लढाई दाखवणारे असे वीरगळ फार दुर्मिळ. ते आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे असावेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध १२६५च्या सुमारास झालेल्या एका लढाईशी जोडतात. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातली ती लढाई. तिच्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला.

म्हणजे पाहा, आपल्या पूर्वजांनीही हाच विचार केला होता. पाण्यावर दगड उभा राहत नाही ना, मग तो किनाऱ्याच्या गावात उभा करायचा आणि दगडावर पाणी कोरायचं. मात्र त्या जहाजांवर लढलेल्यांची नावं आज कोणालाच ठाऊक नाहीत. जहाजं राहिली, वल्ही राहिली, माणसांची नावं गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता एका नव्या दगडाकडे जाऊ या. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागातली काही मंडळी बस करून सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेला निघाली होती. मीही त्यांच्याबरोबर होते. सोमनाथहून दीव फार दूर नाही. दीव म्हणजे गुजरातच्या किनाऱ्याला लागून असलेलं छोटंसं बेट. गोव्यासारखंच तेही पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि गोव्याबरोबरच डिसेंबर १९६१ मध्ये स्वतंत्र झालं. तिथं किल्ला आहे, पांढरीशुभ्र चर्चं आहेत. आणि चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ समुद्राकडे तोंड केलेल्या टेकाडावर एक स्मारक आहे. तिथं काचेच्या पेटीत एका युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे. ती नौका म्हणजे ‘आयएनएस खुकरी’. १९९९च्या डिसेंबरात हे स्मारक देशाला अर्पण झालं.

बसवाल्यानं पंधरा मिनिटं दिली होती. मुलं धावत वर गेली, मोठ्यांनी फोटो काढले, वाऱ्यानं सगळ्यांचे पदर आणि टोप्या उडू लागल्या. आमच्याबरोबर पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या. त्या काठी टेकत सावकाश वर आल्या. काचेतल्या जहाजाकडे बघितलं, इकडं तिकडं बघितलं आणि मला म्हणाल्या,

“बाई, ह्यांच्या समाध्या कुठं हायत?”

मी म्हटलं, “आजी, समाध्या नाहीत. जहाज समुद्रातच बुडालं. माणसंही त्याच्यासंगं गेली.”

“मग हात जोडायचे कुणीकडं?”

मी समुद्राकडे बोट केलं. आजींनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पाण्याकडे तोंड करून नमस्कार केला. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. खाली बसचा भोंगा वाजू लागला. उतरताना त्या मला म्हणाल्या, “माझा दादा त्याच सालात गेला. एकाहत्तरला. पलटणीत होता. बांगलादेशाकडं गेला आन् घरी तार आली. त्याचं मागं काहीच आलं न्हाई बघा.”

१९७१ च्या लढाईत सैनिकांवर बहुतेक वेळा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी गावी आलेली आपण आज दूरदर्शनवर बघतो, तशी पद्धत रुळली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्याआधी हजारो घरांना मिळाली ती फक्त तार. आजींचा दादा जमिनीवर पडला होता, तरी त्यांच्या लेखी तो बुडाल्यासारखाच होता. खूण नव्हती, जागा नव्हती.

बसमध्ये मुलांनी मला घेरलं. “बाई, सांगा ना, खुकरी कशी बुडाली?” तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

३ डिसेंबर १९७१ ला भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध सुरू झालं. दुसऱ्याच रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र-बोटींनी कराचीवर हल्ला चढवला. त्या पराक्रमाची आठवण म्हणून ४ डिसेंबर हा आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. पण त्याच वेळी शत्रूची एक पाणबुडी आपल्या किनाऱ्याजवळ फिरते आहे, हे नौदलाला कळलं होतं. तिचं नाव ‘हंगोर’. पाणबुडी म्हणजे पाण्याखालून जाणारं जहाज. वरून दिसत नाही, आणि पाण्याखालून टॉर्पेडो सोडते. टॉर्पेडो म्हणजे स्वतःच्या यंत्रानं पोहत जाणारा बाँबच म्हणा. मुंबई बंदरात तेव्हा आपली जहाजं येत-जात होती. ही पाणबुडी शोधून काढणं भागच होतं.

हे काम १४ व्या फ्रिगेट ताफ्याकडे आलं. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची, चपळ युद्धनौका. या ताफ्यातल्या नौकांची नावं ऐका: खुकरी, कृपाण आणि कुठार. तिन्ही शस्त्रांची नावं! कुठारमध्ये बिघाड झाला होता, त्यामुळे शोधाला निघाल्या त्या खुकरी आणि कृपाण. खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. गोरखपूरला जन्मलेले, वय ४५. घरी पत्नी आणि दोन मुली.

पाण्याखालची पाणबुडी शोधायची कशी? तुम्ही विहिरीत तोंड घालून “ओ” दिलीत तर विहीरही “ओ” देते ना? जहाजावर ‘सोनार’ नावाचं यंत्र असतं, तेही असंच करतं. पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशावर तरी आपटून परत येतो का ते ऐकायचं. पण समुद्र म्हणजे विहीर नव्हे. पाण्याचे थंड-गरम थर असले की आवाज वाकतो, प्रतिध्वनी फसवा येतो. शिवाय खुकरी होती १९५८ साली नौदलात दाखल झालेली. तिच्या सोनारचा पल्ला लहान होता. हंगोरचं यंत्र नवं होतं, तिला लांबूनही ऐकू येत होतं. म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीत ज्याच्या डोळ्यांवर पट्टी तोच शोधणारा, आणि लपलेल्याला मात्र सगळं दिसतंय, असा हा डाव. सोनारची ताकद वाढवण्याचा एक प्रयोगही खुकरीवर चालला होता. त्यासाठी जहाज सावकाश न्यावं लागत होतं. वेग कमी म्हणजे धोका जास्त. खुकरीवरच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं. तरी ते गेले, कारण कोणीतरी जायलाच हवं होतं.

९ डिसेंबरची रात्र. पावणेनऊच्या आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ. त्या दिवसांत सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला असे. खुकरीवरचे नौसैनिकही बातम्या ऐकत होते, असं वाचलेल्यांनी पुढं सांगितलं. दीवच्या किनाऱ्यापासून जहाज सुमारे ४० सागरी मैलांवर होतं. हंगोरनं पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला.

दिवे गेले. जहाज कलू लागलं. खालच्या मजल्यांवरची माणसं काळोखात जिन्यांकडे धावली. कप्तान मुल्लांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. जमेल तितक्यांना त्यांनी पाण्यात उतरायला लावलं. पाण्यात तरंगण्यासाठी अंगात घालायचं एक जाकीट असतं. मुल्लांनी स्वतःचं जाकीट एका नौसैनिकाला देऊन टाकलं. “साहेब, तुम्हीही चला,” असं सोबत्यांनी विनवलं. पण खाली माणसं अडकलेली असताना ते जहाज सोडायला तयार झाले नाहीत. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते जहाजावरच. काही मिनिटांत खुकरी पाण्याखाली गेली. त्यांना पुढं महावीरचक्र देण्यात आलं, मरणोत्तर.

ज्यांना पाण्यात उडी मारता आली ते रात्रभर समुद्रात तरंगत राहिले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ ही नौका त्यांच्या मदतीला आली. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. स्वतंत्र भारताची युद्धात बुडालेली ही पहिली युद्धनौका.

१८ आणि १७६ यांची बेरीज करा पाहू. १९४. आता मला सांगा, १९४ म्हणजे किती? आकडा लिहायला एक सेकंद लागतो. मी रोज सकाळी हजेरी घेते. चाळीस मुलांची नावं घ्यायला मला तीन-चार मिनिटं लागतात. कोणी ‘हजर’ म्हणतं, कोणी ‘जी बाई’ म्हणतं, कोणाचा आवाजच येत नाही, मग मी मान वर करून पाहते. १९४ म्हणजे असे जवळजवळ पाच वर्ग. पाच वर्गांची हजेरी घ्यायची आणि एकाही नावाला उत्तर यायचं नाही. आणि त्यातल्या प्रत्येक नावामागं एक घर होतं. कुठल्यातरी गावात कुणीतरी दाराकडे बघत होतं.

आणखी एक गोष्ट सांगते. ४ डिसेंबरच्या ज्या रात्रीचा आपण नौदल दिन करतो, त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही युद्धनौका बुडाली. तिच्यावरही दोनशेहून जास्त माणसं गेली. आपले नौसैनिक देशासाठी लढले आणि जिंकले, याचा अभिमान आपल्याला आहेच, असायलाच हवा. पण तिकडेही तारा गेल्याच असतील ना? समुद्र दोन्हीकडच्यांना सारखाच लेखतो. मेलेल्या शत्रूची टिंगल करायची नसते. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, हे तुम्ही इतिहासात वाचलंच आहे.

परक्या माणसांची आठवण परक्यांनी कशी ठेवावी, याची एक गोष्ट मला फार आवडते. ती आहे स्कॉटलंडमधली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयले नावाचं बेट आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा, १९१८ साली, अमेरिकेचे सैनिक जहाजांतून युरोपात येत होते. फेब्रुवारीत ‘टस्केनिया’ हे जहाज जर्मन पाणबुडीनं या बेटाजवळ बुडवलं. ऑक्टोबरात ‘ऑट्रँटो’ हे जहाज वादळात दुसऱ्या जहाजावर आदळलं. ते दुसरं जहाजही त्यांच्याच ताफ्यातलं, आणि त्याचं नाव होतं ‘काश्मीर’! दोन्ही मिळून सहाशेहून जास्त माणसं गेली. कितीतरी दिवस बेटाच्या किनाऱ्यावर प्रेतं येऊन लागत होती.

बेटावरची माणसं गरीब. शेती करणारी, मेंढ्या पाळणारी. त्यांचीही मुलं लढाईवर गेलेली. त्यांनी काय करावं? कडे उतरून गेले, जिवंत सापडले त्यांना घरात घेतलं, अंगावरचे कपडे दिले. मेलेल्यांना किनाऱ्यालगत, समुद्र दिसेल अशा जागी पुरलं. किलखोमन नावाच्या गावात तर चर्चच्या जवळच दफनभूमी केली. टस्केनियावरच्या सैनिकांना मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की बेटावर अमेरिकेचा झेंडाच नाही. आपल्या मुलाला त्याच्या देशाचा झेंडाही मिळाला नाही, असं त्या आयांना वाटू नये, म्हणून चार बायका आणि एक पुरुष रात्र जागून शिवायला बसले. पट्टे कापले, चांदण्या कापल्या आणि सकाळपर्यंत झेंडा तयार केला! तो झेंडा अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयानं आजही जपून ठेवला आहे.

त्या बेटावर माल्कम मॅकनील नावाचे पोलीस हवालदार होते. त्यांनी एक वही केली. समुद्रातून आलेल्या प्रत्येकाची त्यांनी वहीत नोंद केली. केस कसे, डोळे कसे, अंगावर काही खूण, काही गोंदलेलं. नाव कळत नसेल तर अशा खुणांवरून तरी घरच्यांना ओळख पटावी म्हणून. पुढं अमेरिकेतून आयांची, बापांची पत्रं येऊ लागली, “आमचा मुलगा तुम्हाला सापडला का हो?” हवालदारांनी वही उघडून त्यांना उत्तरं लिहिली. साधी वही. तिच्यामुळे कितीतरी घरांना खरं काय ते कळलं.

एकसरच्या वीरगळावर जहाजं राहिली आणि नावं गेली, ते आता आठवा. नाव लिहून ठेवलं नाही तर काय होतं, ते आपल्याकडच्या आणखी एका दगडात दिसतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत दगडी पाट्या बसवल्या. कुठं चावडीच्या भिंतीत, कुठं शाळेच्या, कुठं वेशीत. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नुसता आकडा. ते ‘इतके’ कोण होते, कुणाचे मुलगे होते, हे पाटी सांगत नाही. ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं ते आता नाहीत.

मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांसाठी बांधलेली एक वास्तू आहे, भारतीय खलाशी गृह. कोकणातून, गोव्यातून आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून किती माणसं जहाजांवर कामाला जात! कोणी कोळसा टाकायला, कोणी स्वयंपाकाला, कोणी दोर ओढायला. पहिल्या महायुद्धात त्यांतली कितीतरी जहाजं बुडाली. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा २,२२३ जणांचं स्मारक या वास्तूत आहे आणि तिथं त्यांच्या नावांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांच्या नावांचं पुस्तकही तिथं आहे. तसंच दुसरं पुस्तक बांगलादेशात चितगावला आहे. खलाश्याचा पणतू तिथं गेला तर आपल्या पणजोबांचं नाव बोटानं दाखवू शकतो. आकडा असा बोटानं दाखवता येत नाही.

मग मला आमच्या आजींचा दादा आठवला. दिल्लीत इंडिया गेटजवळ २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथल्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर आहेत, एकेका दगडावर एकेक नाव. ती नावं संगणकावरही शोधता येतात. यात्रेहून परतल्यावर आम्ही आजींना विचारलं, “दादांचं पूर्ण नाव काय?” त्यांनी सांगितलं. पलटण सांगितली, साल सांगितलं. वर्गातल्या तीन मुली माझ्याबरोबर बसल्या. आडनावाचं स्पेलिंग आम्ही चार प्रकारे लिहून पाहिलं. चौथ्यांदा नाव मिळालं.

आजींना वाचता येत नाही. मुलींनीच त्यांना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “परत वाच.” मुलींनी परत वाचलं. मग आजींनी त्यांना जवळ बसवून घेतलं आणि दादाविषयी सांगायला सुरुवात केली. तो सुट्टीवर यायचा तेव्हा स्टेशनापासून घरापर्यंत पोरांचा घोळका कसा त्याच्यामागं यायचा, त्याला शेंगाचटणी आणि कडक भाकरी किती आवडायची, तो बहिणीसाठी कुठली रेशमी रिबीन आणायचा. पन्नासहून अधिक वर्षं हे सगळं आजींच्या पोटात होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

खुकरीचं नावही पुसलं गेलं नाही बरं का! मुंबईच्या माझगाव गोदीत एक नवी क्षेपणास्त्र-नौका बांधली गेली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिचं नाव ठेवलं खुकरी. त्या समारंभाला कप्तान मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला हजर होत्या. या नव्या खुकरीनं ३२ वर्षं सेवा केली. पृथ्वीला सुमारे तीस प्रदक्षिणा होतील एवढा तिचा प्रवास झाला. २०२१च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ ला नौदलानं ती दीवला सोपवली. जुन्या खुकरीच्या स्मारकाच्या गावी नवी खुकरी संग्रहालय होण्यासाठी आली. दीवला गेलात तर दोन्ही पाहा. फोटो जरूर काढा, पण त्याआधी दोन मिनिटं पाण्याकडे तोंड करून उभे राहा.

दीवला सगळ्यांनाच जाता येईल असं नाही. पण एक काम प्रत्येकाला करता येईल. तुमच्या गावात, गल्लीत, नात्यात कोणी ना कोणी असं असेल. पलटणीतून परत न आलेलं, बोटीवर गेलेलं, पुरात किंवा खाणीत काम करताना गेलेलं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. विचारा: त्यांचं नाव काय होतं? गाव कोणतं? कधी गेले, कुठं गेले? आणि त्यांना काय आवडायचं, हे विचारायला विसरू नका. उत्तरं मिळतील तशी वहीत लिहा. अक्षर वाकडंतिकडं आलं तरी चालेल, पण नाव मात्र पूर्ण लिहा. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट.

आणि ते पान आपल्या बाईंना किंवा गुरुजींना नेऊन दाखवा. एके सकाळी हजेरी झाल्यावर त्यांना ते नाव फळ्यावर लिहायला सांगा. सगळ्या वर्गानं ते एकदा मोठ्यानं वाचायचं. वाचाल ना?